काजू बीची वही आणि कराचे विवरणपत्र

फाल्गुन महिना लागला की मालवण तालुक्यातील कातळउतारांवर काजूचे बोंडू पिकू लागतात आणि पुढील दोन-अडीच महिने गावोगावच्या खळ्यांत बी वाळत पडलेली दिसते. कुडाळ, कणकवली, वेंगुर्ले, सावंतवाडी व दोडामार्ग या तालुक्यांतही हेच चित्र असते. वाळलेली बी पोत्यांत भरून प्रक्रिया करणाऱ्याच्या दारात येते, काट्यावर चढते आणि वहीत एक ओळ लिहिली जाते : तारीख, नाव, गाव, वजन, भाव, रक्कम. कोणाचे किती देणे झाले ते समजावे, एवढेच या ओळीचे काम पूर्वी होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर देशभर लागू झाला, तेव्हापासून मात्र या एका ओळीस निराळेच महत्त्व आले आहे. ती ओळ वेळेवर व नीट लिहिली गेली तर भरलेला कर पुढे वजा मिळतो. ती हरवली अथवा चुकली तर तोच पैसा प्रक्रियादाराच्या भांडवलातून जातो.

लहान कारखाने व महिला बचत गट यांचा या व्यवसायात मोठा भाग आहे. त्यांचे भांडवल थोडे, आणि तेही हंगामाच्या आरंभीच बी-खरेदीत गुंतून पडते. अशा वेळी हिशेबाच्या चुकीमुळे विलंबशुल्क व व्याज भरावे लागणे, किंवा हक्काची वजावट हातची जाणे, हे त्यांस परवडण्यासारखे नाही. हिशेब संगणकावरील तक्त्यात ठेवून त्याच तक्त्यातून कराचे विवरणपत्र तयार करण्याची सोय आता उपलब्ध आहे. ती कशी वापरावी याची माहिती येथे दिली आहे.

बीवरील कर कोणी भरावयाचा?

स्वतःच्या जमिनीत पिकविलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्यास, त्या विक्रीपुरती, वस्तू व सेवा कराखाली नोंदणी करावी लागत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम २३ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. तथापि, टरफलासह असलेली काजू बी ही करमाफ वस्तू नव्हे. तिच्यावर ५ टक्के कर आहे. मग हा कर भरावयाचा कोणी? २८ जून २०१७ च्या ४/२०१७ क्रमांकाच्या अधिसूचनेने याचे उत्तर दिलेले आहे. शेतकऱ्याने नोंदणीकृत खरेदीदारास काजू बी विकल्यास कर शेतकऱ्याने नव्हे, तर खरेदीदाराने भरावयाचा. यालाच 'रिव्हर्स चार्ज' म्हणतात. नेहमीच्या पद्धतीत विकणारा कर भरतो. येथे घेणारा भरतो, म्हणून हे नाव.

हा कर रोखीनेच, म्हणजे संकेतस्थळावरील रोख खात्यात रक्कम जमा करून, भरावा लागतो. जुन्या वजावटीतून तो फेडता येत नाही. मात्र एकदा भरला की तेवढीच रक्कम काजूगराच्या विक्रीवरील करातून वजा करून घेता येते. सारांश, कर दोनदा पडत नाही. फक्त आधी भरावा लागतो. बीची खरेदी मार्च ते मे या काळात होते आणि गराची विक्री गणेशोत्सव, दिवाळी व त्यापुढे वर्षभर चालते. त्यामुळे उन्हाळ्यात भरलेला कर पावसाळ्यानंतर वसूल होतो. मधल्या काळात त्याची नोंद शाबूत राहिली पाहिजे, हाच या सर्व प्रकरणाचा गाभा होय.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बी शेतकऱ्याकडून न घेता व्यापाऱ्याकडून घेतली असल्यास रिव्हर्स चार्ज लागत नाही. नोंदणीकृत व्यापारी आपल्या बिलात कर लावतो. म्हणून बी कोणाकडून घेतली हे प्रत्येक ओळीत लिहिणे अवश्य आहे. दुसरी गोष्ट अशी की, केवळ मालाचा व्यवहार करणाऱ्यास महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेतो सामान्यतः नोंदणी सक्तीची नाही. परंतु करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकणाऱ्यास ही सवलत मिळत नाही. बांदा ओलांडून म्हापसा वा पणजीच्या व्यापाऱ्यास काजूगर पाठविणाऱ्याने, उलाढाल कितीही लहान असो, आधी नोंदणी करावी.

हिशेबतक्ता म्हणजे काय?

स्प्रेडशीट अथवा हिशेबतक्ता म्हणजे रकाने व ओळी आखलेले, संगणकातील वहीचे पान. कागदी वहीत आणि त्यात फरक इतकाच की, येथे एखाद्या चौकटीत आकड्याऐवजी सूत्र लिहिता येते. वजन व भाव लिहिला की रक्कम आपोआप येते, आणि मागील एखादे वजन दुरुस्त केले की खालील सर्व बेरजा क्षणात बदलतात. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेल्या 'व्हिसिकॅल्क' या कार्यक्रमाने ही पद्धत लोकप्रिय केली. पुढे १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' व १९८५ मध्ये 'एक्सेल' आले. 'लिब्रेऑफिस कॅल्क' हा अशाच प्रकारचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो.

महाराष्ट्रातील व्यापाऱ्यांस हा प्रकार सर्वस्वी नवा नाही. वस्तू व सेवा कर येण्यापूर्वी राज्याच्या मूल्यवर्धित कराचे २३१ क्रमांकाचे विवरणपत्र एक्सेलच्या फाईलीतच भरून संकेतस्थळावर चढवावे लागे. शिवाय २००१ पासून चालू असलेल्या एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमात एक्सेल शिकविले जाते, आणि गावोगावच्या अनेक तरुण-तरुणींनी तो अभ्यासक्रम पुरा केलेला आहे. घरातील मुलीचे किंवा सुनेचे ते शिक्षण प्रमाणपत्रापुरते न राहता कारखान्याच्या उपयोगी पडावे, अशी ही संधी आहे.

फाईलीची मांडणी

प्रत्येक आर्थिक वर्षासाठी एक फाईल करावी व तीत चार पाने ठेवावीत.

पहिले पान खरेदीचे. यात तारीख, विकणाऱ्याचे नाव व गाव, शेतकरी की व्यापारी, वजन, दर, रक्कम, कर आणि आपण तयार केलेल्या बिलाचा क्रमांक हे रकाने असावेत. शेवटचा रकाना विशेष महत्त्वाचा आहे. नोंदणी नसलेल्या शेतकऱ्याकडून रिव्हर्स चार्जखाली बी घेतल्यावर खरेदीदाराने स्वतःच स्वतःच्या नावे बिल तयार करावयाचे असते, व १ नोव्हेंबर २०२४ पासून ते माल मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत करण्याचे बंधन आहे. या बिलांची क्रमांकमालिका विक्रीच्या बिलांपेक्षा निराळी ठेवावी.

दुसरे पान उत्पादनाचे. किती बी वाफवली, किती फोडली, अखंड गर किती, पाकळी व तुकडा किती, हे त्यात प्रत्येक घाणीनुसार लिहावे. कराच्या विवरणपत्रात हे पान जात नाही. तरीही ते ठेवावे. काजू बीपासून साधारणतः वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के गर निघतो. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-७ या जातीत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास असते. एखाद्या महिन्यात ते एकाएकी वीस-बावीस टक्क्यांवर आलेले दिसल्यास बी ओली घेतली गेली, वा गराची एखादी नोंद राहिली, असे समजावे. कर अधिकाऱ्याने पुढे प्रश्न विचारण्यापूर्वी हे पान स्वतःच प्रश्न विचारते.

तिसरे पान विक्रीचे. तारीख, बिल क्रमांक, गिऱ्हाइकाचे नाव, त्याचा पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांक, माल पोहोचण्याचे राज्य, मालाचा कोड, वजन, करपात्र रक्कम, कराचा दर व कर असे रकाने असावेत. नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९. त्यापुढील दहा अक्षरे पॅन क्रमांकाची असतात. माल महाराष्ट्रातच राहिल्यास कर केंद्र व राज्य असा निम्मा-निम्मा विभागला जातो. परराज्यात गेल्यास संपूर्ण कर 'एकात्मिक' म्हणून लागतो. राज्याच्या रकान्यावर सूत्र बसविले की ही विभागणी तक्ता स्वतःच करतो.

चौथे पान मासिक गोषवाऱ्याचे. यात हाताने काहीही लिहू नये. खरेदी व विक्रीच्या पानांतून त्या-त्या महिन्याची बेरीज सूत्रानेच यावी.

नमुन्याचा हिशेब

समजा, एका महिन्यात एका कारखान्याने शेतकऱ्यांकडून १,००० किलो बी किलोस १२० रुपये दराने घेतली आणि तिच्यापासून २७० किलो गर मिळाला. तो सर्व त्याच महिन्यात किलोस ७०० रुपये दराने विकला. १७० किलो महाराष्ट्रात व १०० किलो गोव्यात. दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

बीची खरेदी : १,२०,००० रुपये. त्यावर ५ टक्के रिव्हर्स चार्ज : ६,००० रुपये (केंद्र ३,००० व राज्य ३,०००). ही रक्कम रोखीने भरावयाची.

महाराष्ट्रातील विक्री : १,१९,००० रुपये. कर ५,९५० रुपये (केंद्र २,९७५ व राज्य २,९७५).

गोव्यातील विक्री : ७०,००० रुपये. एकात्मिक कर ३,५०० रुपये.

आता वजावट पाहू. केंद्राकडील ३,००० रुपयांतून केंद्राचे २,९७५ फिटले व २५ उरले. राज्याकडील ३,००० रुपयांतून राज्याचे २,९७५ फिटले व २५ उरले. केंद्राची वजावट राज्याच्या करास किंवा राज्याची केंद्राच्या करास चालत नाही. परंतु आपापला कर फिटल्यावर उरलेली रक्कम एकात्मिक करास लावता येते. म्हणून ३,५०० रुपयांतून हे ५० रुपये वजा जाऊन ३,४५० रुपये रोखीने भरावे लागतील. एकूण रोख भरणा ६,००० अधिक ३,४५०, म्हणजे ९,४५० रुपये झाला. संपूर्ण विक्रीवरील ५ टक्के कर तेवढाच येतो. हिशेब बरोबर जुळला याची ही खूण होय.

खरेदीच्या सहा हजारांची नोंद राहिली असती तर काय झाले असते? वजावट घेता आली नसती व चूक उघडकीस आल्यावर कराबरोबर १८ टक्के दराने व्याजही भरावे लागले असते. एका क्विंटल बीचा हिशेब चुकल्याने कोणी बुडत नाही. पण हंगामात वीस-पंचवीस टन बी घेणाऱ्या गटाच्या दृष्टीने ही रक्कम कामगार स्त्रियांच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी होते.

याच उदाहरणात आणखी एक बाब आहे. गोव्याकडे जाणाऱ्या मालाची किंमत ५० हजार रुपयांहून अधिक असल्यास गाडीबरोबर ई-वे बिल असावे लागते.

फाईलीतून विवरणपत्राकडे

वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर 'रिटर्न्स ऑफलाईन टूल' नावाचे साधन विनामूल्य मिळते. ते संगणकात एकदा बसविले की पुढील काम इंटरनेटवाचून करता येते. या साधनाबरोबर एक्सेलची कोरी नमुना फाईल येते. नोंदणीकृत गिऱ्हाइकांची बिले, नोंदणी नसलेल्यांना झालेली विक्री, परत आलेला माल, मालाच्या कोडनुसार गोषवारा व बिलांच्या क्रमांकमालिका यांसाठी तीत स्वतंत्र पाने असतात. आपल्या विक्रीच्या पानातील रकाने नमुन्याच्याच क्रमाने ठेवले असल्यास महिनाअखेरीस ते उचलून नमुन्यात उतरविणे हे थोड्या वेळाचे काम आहे.

नोंदणीकृत गिऱ्हाइकाचे प्रत्येक बिल निराळे दाखवावे लागते. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांची विक्री राज्यवार व दरवार एकत्र देता येते. मात्र परराज्यातील अशा गिऱ्हाइकाचे एखादे बिल एक लाख रुपयांहून मोठे असल्यास ते स्वतंत्र द्यावे लागते. ही मर्यादा पूर्वी अडीच लाखांची होती. ऑगस्ट २०२४ पासून ती एक लाख झाली.

नमुना भरल्यावर तो साधनात आणावयाचा. साधन चुका दाखविते; त्या दुरुस्त केल्या की ते 'जेसन' नावाच्या प्रकारची एक लहान फाईल तयार करून देते. ही फाईल संकेतस्थळावर चढविली म्हणजे जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरले जाते. त्यानंतर ते तपासून मोबाईलवर येणाऱ्या सांकेतिक अंकाने व्यक्तिगत मालकीच्या धंद्याचा मालक त्यावर सही करू शकतो.

जीएसटीआर-३बी हे कराचे विवरणपत्र याच्यापुढे येते. त्यात विक्रीचे आकडे जीएसटीआर-१ वरून आपोआप उतरतात. परंतु शेतकऱ्याकडून घेतलेल्या बीची खरेदी कोणाच्याही विवरणपत्रातून तेथे येत नाही, कारण शेतकरी विवरणपत्र भरतच नाही. ती प्रक्रियादाराने स्वतः ३.१ च्या (डी) ओळीत लिहावयाची व भरलेल्या कराची वजावट ४(ए) च्या तिसऱ्या ओळीत घ्यावयाची. काजूच्या धंद्यातील लोकांची चूक येथेच होण्याचा संभव अधिक असतो. आणि खरेदीचे पान रोजच्या रोज लिहिलेले असणे हाच तिच्यावरील उपाय आहे.

डबे, खोकी, यंत्रे इत्यादींवर दिलेल्या कराची वजावट घेण्यापूर्वी ती जीएसटीआर-२बी मध्ये दिसते की नाही ते पाहावे. हे पत्रक दर महिन्याच्या १४ तारखेस तयार होते व एक्सेलमध्ये उतरवून घेता येते. ते आपल्या खरेदीच्या नोंदीशेजारी ठेवून 'व्हीलूकअप' या सूत्राने बिल क्रमांक जुळवावेत. जे बिल आपल्या वहीत आहे पण पत्रकात नाही, त्याच्या विक्रेत्याने विवरणपत्र भरलेले नाही असे समजून त्यास वेळीच कळवावे.

नेहमी होणाऱ्या चुका

संगणक बेरजेत चुकत नाही. परंतु लिहिणाऱ्याचा हेतू त्यास ओळखता येत नाही. खालील चुका काजूच्या व्यवहारात सहज होऊ शकतात.

काजूचा कोड ०८०१ असा आहे. तक्त्यात तो लिहिताच संगणक त्यास संख्या समजून पुढील शून्य गाळतो व ८०१ एवढेच ठेवतो. असा कोड विवरणपत्रात चालत नाही. म्हणून त्या रकान्यास आधीच 'टेक्स्ट' असे स्वरूप द्यावे.

बिलाचा क्रमांक ५-४ असा लिहिल्यास संगणक त्याची तारीख करून टाकतो. बिल क्रमांकाचा रकानाही टेक्स्ट स्वरूपाचा असावा. हा क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा असू नये.

तारखा एकाच पद्धतीने लिहाव्यात. एका ओळीत दिवस आधी व दुसरीत महिना आधी, असे झाल्यास चौथ्या महिन्यातील पाच तारखेचे बिल पाचव्या महिन्यात जाऊन बसते.

कराचा दर सूत्रात कोंबू नये. प्रत्येक बिलाच्या ओळीत तो निराळा लिहावा. भाजून मसाला लावलेला काजू २००८ या कोडखाली येतो. त्यावरील कर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता व दुसऱ्या दिवसापासून ५ टक्के झाला. ज्याने सर्व ओळींस एकच दर बांधला असेल, त्याची जुनी बिलेही दर बदलताच बदलून जातात.

सूत्र असलेल्या चौकटीत हाताने आकडा लिहू नये. एकदा लिहिला की ते सूत्र नाहीसे होते व पुढील बेरीज मुकाट्याने चुकत राहते. अशा चौकटींस कुलूप लावण्याची सोय तक्त्यात आहे. तिचा उपयोग करावा.

वेळेचे बंधन

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत व ३बी २० तारखेपर्यंत भरावयाचे असते. वर्षाची उलाढाल ५ कोटी रुपयांपर्यंत असणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून तिमाही पद्धत आहे. तीत महाराष्ट्रातील व्यापाऱ्यास तिमाहीनंतरच्या महिन्याच्या १३ व २२ या तारखा अनुक्रमे लागू आहेत. मात्र तिमाहीतील पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत जमा करावा लागतो. विवरणपत्र तीन महिन्यांनी असले तरी नोंद तीन महिन्यांनी करू नये. ३बी भरण्यास उशीर झाल्यास दिवसास ५० रुपये विलंबशुल्क लागते. व्यवहार शून्य असला तरी २० रुपये लागतात. सबब, कारखाना बंद असलेल्या महिन्यांतही विवरणपत्र भरावयाचे राहू देऊ नये.

किनाऱ्यावरील लोकांनी शेवटच्या दिवसाची वाट पाहणे विशेष धोक्याचे आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात मालवण-देवगड किनाऱ्यावर वीज व दूरध्वनी कित्येक दिवस बंद होते, आणि ते दिवस नेमके हंगामातले होते. पावसाळ्यातही वीज जाणे-येणे नित्याचेच असते. ऑफलाईन साधनाचा लाभ असा की, भरण्याचे सर्व काम वीज असेल तेव्हा उरकून ठेवता येते, व फाईल चढविण्यापुरतेच इंटरनेट लागते. फाईलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती कारखान्याबाहेर दुसऱ्या घरी ठेवावी. कायद्याने हे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावयाचे आहेत. शेतकऱ्यांच्या सह्यांची कागदी बिलेही तितकीच जपावीत. संगणकातील तक्ता ही सोय आहे. मूळ पुरावा कागदाचाच असतो.

बागायतदाराच्या प्राप्तिकराचा हिशेब

ज्याचा कारखाना नाही, केवळ काजूची व हापूसची बाग आहे, त्यासही असा तक्ता उपयोगी पडतो. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून माफ आहे. १९६१ च्या कायद्यात ही माफी होती व तिच्या जागी आणलेल्या २०२५ च्या कायद्यातही ती कायम ठेवली आहे. परंतु माफ असणे निराळे व न दाखविणे निराळे. इतर उत्पन्न करपात्र मर्यादेहून अधिक आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच हजारांहून अधिक असल्यास कराचा दर ठरविण्यासाठी शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते. मग आयटीआर-१ हा सोपा नमुना चालत नाही. शेतीचे उत्पन्न पाच लाखांहून अधिक असल्यास जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती एकर, स्वतःची की कराराची, बागायत की पावसावरची, हेही लिहावे लागते. सातबारा व विक्रीच्या पावत्या यांचा मेळ घातलेला तक्ता हाताशी असल्यास ही माहिती पाच मिनिटांत देता येते.

येथे कोकणच्या बागायतदारासाठी एक खास अडचण आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि काजू व आंब्याचा हंगाम तेव्हा ऐन मध्यावर असतो. हंगाम एक, पण वर्षे दोन. मार्चमधील पेट्यांची पट्टी मे महिन्यात हाती पडली, असे नेहमी घडते. म्हणून तक्त्यात माल पाठविल्याची तारीख व पैसे मिळाल्याची तारीख असे दोन रकाने असावेत, व हिशेबाची जी पद्धत एकदा धरली तीच दरवर्षी चालवावी.

ज्याची स्वतःची बाग व स्वतःचा कारखाना आहे त्याने आणखी दक्षता घ्यावी. घरच्या बागेतील बी कारखान्यात वापरल्यास ती विकत घेतलेली नसल्याने तिच्यावर रिव्हर्स चार्ज नाही. परंतु प्राप्तिकरासाठी त्या बीची त्या वेळची बाजारभावाने किंमत ही शेतीचे उत्पन्न काढताना धरावयाची, व काजूगर विकून त्यावर झालेला नफा हा धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवावयाचा. सबब, घरचे पोते कारखान्यात आले त्या दिवशीच वजन व बाजारभाव लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी मार्चचा भाव आठवत नाही. हीच काळजी तारकर्ली-देवबागच्या बाजूस बागेबरोबर पर्यटकांसाठी खोल्या चालविणाऱ्यांनी घ्यावी. शेती, कारखाना व खोल्या यांची पाने निराळी ठेवावीत.

प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरही एक्सेलमध्ये भरावयाचे साधन मिळते व तेही शेवटी जेसन फाईलच तयार करते. त्यासाठी मात्र मूळ एक्सेलच लागते, कारण त्यात अंतर्गत आज्ञावली असते. विवरणपत्र पाठविल्यावर ३० दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी. पडताळणी न झालेले विवरणपत्र न भरल्यासारखेच होय.

आरंभ कोठून करावा?

हे सर्व एका दिवसात करावयाचे नाही. या हंगामात फक्त खरेदीचे पान सुरू करावे. काट्याजवळ वही असू द्यावी व संध्याकाळी दिवसभराच्या ओळी तक्त्यात उतराव्यात. महिनाभरात हात बसतो. मग विक्रीचे पान घ्यावे. कर सल्लागाराची आवश्यकता यामुळे संपत नाही. दर, सवलती व नमुने बदलत असतात व त्यांची माहिती त्याच्याकडून घ्यावीच. परंतु पावत्यांची पिशवी त्याच्या टेबलावर रिकामी करून 'काय ते तुम्ही बघा' असे म्हणणे आणि जुळविलेला तक्ता पुढे ठेवून 'या दोन ओळींबद्दल शंका आहे' असे म्हणणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्यात धंद्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते.

बचत गटातील एखादी सभासद असा तक्ता ठेवू लागली की तिला कराखेरीज इतरही पुष्कळ गोष्टी कळू लागतात. कोणत्या गावची बी चांगली उतरते, कोणता व्यापारी पैसे थकवितो, तुकडा कोणत्या महिन्यात अधिक होतो, हे सर्व त्याच ओळींत असते. बाग राखण्यास नजर लागते. हिशेब राखण्यासही तीच लागते. काट्यावरून पोते उतरण्यापूर्वी वहीत ओळ पडली पाहिजे, एवढी एक सवय या हंगामापासून लावून घेतली तर पुढचे काम सोपे होईल.